कॅटलॉग शेवटचा जेवला तेव्हा

हिदार महिना, ४

काल दुपारी आठ वाजता मेकलितने न्यायालयीन निकालांच्या आमच्या शोधपेटीत ‘निलगिरी’ हा शब्द टाकला आणि बटण दाबलं. त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जे काही बदललं ते तिथून बदललं, हे नंतर कुणी विचारलं तर सापडावं म्हणून आजपासून ही वही.

मेकलित वकील आतो सिसाय यांच्याकडे नवीन लागली आहे. दोन भावांच्या बांधावरच्या निलगिरीचा एक जुना निकाल तिला हवा होता, त्यासाठी तीन दिवस ती जाडजूड खंड उपसत होती. आमच्या पेटीने तो डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर आणून ठेवला. ती आधी हसली. मग म्हणाली, “एर्मियास, माझे तीन दिवस परत दिलेस. आता ते ठेवू कुठे?”

मला रात्री सतरा उत्तरं सुचली.

आठ म्हणजे अर्थात आपले आठ. मशीनच्या कोपऱ्यातल्या फिरंगी घड्याळात तेव्हा दोन वाजले होते. ते लोक दिवस अर्ध्या रात्री अंधारात सुरू करतात, आपण उजाडल्यावर. हा सहाचा फरक आमच्या रक्तात असतो, मला त्यासाठी बोटंही मोजावी लागत नाहीत.

ती येणार म्हणून मी सकाळी पेटीचा कॅटलॉग, म्हणजे शब्दांची यादी, हाताने ताजा भरून ठेवला होता. ते पाहून गाशे अस्रात म्हणाले, “हे रोज हाताने करणार का तू? तू तर रोज वेळेवर येतसुद्धा नाहीस. आपोआप भरेल असं काहीतरी लाव. सातला लाव, सगळे जेवायला गेलेले असतात. मुलींचं टायपिंग अडायला नको.”

गाशे म्हणजे आमचे मालक. निवृत्त न्यायाधीश, त्यामुळे पाण्याचा ग्लास मागितला तरी निकाल दिल्यासारखा मागतात.

“लावतो, गाशे,” म्हटलं. तोवर मेकलित जिना उतरायला लागली होती. सातला लावून टाकलं. एका बोटाचं काम. मग खिडकीशी धावलो. तिने वर पाहिलं नाही, पण फाटकाशी थांबून छत्री उघडायला उगाच जास्त वेळ घेतला. ना ऊन होतं, ना पाऊस.

हिदार ७

तिचा फोन आला. पासवर्ड विसरली होती. सांगितला.

विसरली म्हणजे खरंच विसरली, की मुद्दाम?

हिदार १२

संत मिकाएलचा सण. मेकलित पेटी शिकायला दुपारभर आमच्याकडे होती. शिकायला म्हणजे काय, दहा मिनिटांत शिकली आणि मग प्रश्न विचारत बसली. तिला सगळ्याचं मूळ लागतं.

मी सांगितलं, निकाल टेबलात साठवलेले असतात, पण शोध टेबलात होत नाही. टेबलात शोधायचं तर मशीनला प्रत्येक निकाल पहिल्या ओळीपासून वाचावा लागेल. शोध कॅटलॉगमध्ये होतो. तिथे एकेक शब्द मांडलेला असतो आणि त्याच्यापुढे तो कुठकुठल्या निकालात आहे ते. टायपिस्ट मुलींनी नवा निकाल टेबलात घातला की कॅटलॉगला तो नंतर भरवावा लागतो.

“आणि नाही भरवला तर?”

“तर उपाशी राहील. पण तो रोज आपोआप जेवतो. मी लावलंय.”

“आणि जेवला की नाही हे कोण बघतं?”

“बघायचं काय त्यात,” मी म्हणालो. वकील लोकांना सगळ्यावर शंका.

मग गाशेंनी खालच्या हॉटेलातून मटणाचं तिब्स मागवलं. एकाच मोठ्या इंजेऱ्याभोवती, ताटभर पसरलेल्या त्या आंबवलेल्या पोळीभोवती, सगळे बसलो. मेकलितने तुकडा मोडला, मांस गुंडाळलं, आणि घास सरळ माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं. माझे कान इतके तापले की गाशेंनी विचारलं, मिरची लागली का.

खरं सांगायचं तर तिने मग पहारेकरी अबाबा तेस्सेमांनाही भरवला. त्यांना दोन भरवले. आपल्याकडे म्हणतातच की एका घासाने भांडण होतं, म्हणून दुसरा भरवायचा असतो. मला एकच मिळाला. दुसऱ्याची वेळ आली तेव्हा तिने मध्येच विचारलं, “तिसरं वर्ष अर्धवट टाकून येतं का रे कुणी? राहिलेलं पुरं करायला किती लागेल?”

मी म्हणालो, ते माझं मी बघेन. तिने तो घास स्वतः खाल्ला.

कॉलेजबद्दल मला कुणी बोललेलं चालत नाही. मी सोडलं कारण शिकवणारे बैल होते. तिने कशाला मध्ये पडावं? शिकलेल्या लोकांना दुसऱ्याचं अपुरं दिसलं की खाज सुटते.

हिदार १९

उपासाचे दिवस लागले. दूध नाही, मांस नाही, रोज शिरो, तेच डाळीच्या पिठाचं कालवण. चौकातल्या दुकानात कॉफीत दुधाऐवजी शेंगदाण्याचं पाणी घालून तिला मॅकियातो म्हणतात आणि वर पैसे घेतात. त्यात आज वर्गातल्या मुलांचे काळ्या झग्यातले फोटो फोनवर. सगळे इंजिनियर झाले. गाढवंही झाली.

अशात मेकलितचा फोन. आवाज घाईचा.

“एर्मी, एका म्हातारीचं प्रकरण आहे. घर तिचं, पुतण्या बाहेर काढायला बसलाय. वरच्या न्यायालयाचं याच्यावर अलीकडचं काही आहे का, मी पेटीत बघितलं. जुने दोन येतात. नवं काही नाही ना?”

“पेटीत नाही म्हणजे नाही.”

“नक्की ना? मी आतो सिसायना तसं सांगणार आहे.”

“मेकलित, हे मशीन आहे. वकिलांसारखं खोटं बोलत नाही.”

“बरं,” म्हणाली.

एर्मी म्हणाली. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. आणि मी काय बोललो, तर वकील खोटं बोलतात.

हिदार २६

आजचा दिवस जाळून टाकावा असा.

न्यायालयात पुतण्याच्या वकिलाने याच महिन्यातला एक निकाल पुढे केला. वरच्या न्यायालयाचा, अगदी अशाच घराचा, पुतण्याच्या बाजूचा. आतो सिसाय उभे राहून म्हणाले, असा कुठलाही निकाल नाही. न्यायाधीशांनी तो त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, हल्ली तुमच्याकडे वाचायचं काम कुणाकडे असतं? सगळे हसले. मेकलित मागच्या बाकावर होती. पुढची तारीख ताहसास एक, म्हणजे पुढच्या महिन्याची पहिली, मंगळवार. त्या दिवशी उत्तर द्यायचं आहे, आणि आतो सिसायनी तिला सांगितलंय की तेवढी तारीख झाली की तुझं काय करायचं ते बघू. म्हातारीचं घर जाईल ते वेगळंच.

हे तिने फोनवर सांगितलं. रडत नव्हती. रडली असती तर मी नीट बोललो असतो. ती नुसतं सांगत होती, एकामागून एक, निकाल वाचावा तसं. आणि मला ते सगळं माझ्यावर आल्यासारखं वाटलं.

“तूच काहीतरी चुकीचं टाईप केलं असशील,” मी म्हणालो.

“असेल,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

हिदार २७

सकाळी टायपिस्ट मुलींवर ओरडलो. निकाल घातलाच नसेल म्हणालो. त्यातली मोठी उठली, टेबल उघडून निकाल काढून दाखवला, म्हणाली, “हा घे. पंधरा दिवसांपूर्वी घातलाय. आता ओरडायचं असेल तर भिंतीवर ओरड, ती पगार घेत नाही.”

निकाल टेबलात आहे. पेटीत शोधला तर नाही. शब्द बदलून, अर्धा शब्द, पुतण्याचं नाव, घर, वारसा, काहीही टाका. जुने दोन येतात आणि दात काढतात.

मग कॅटलॉगला विचारलं, तुझी अवस्था काय. मशीन म्हणालं: निवांत. म्हणजे काम करून बसलाय, काही बिघडलेलं नाही. मग आणखी काय विचारणार? माझं डोकं भणभणायला लागलं. दुपारी जेवायलाही गेलो नाही, सातच्या ठोक्याला मशीनकडे बघत बसलो. काही वेगळं झालं नाही. निवांत तो निवांतच. मीच काय तो जळतोय.

संध्याकाळी मेकलितचा निरोप आला, फोनवर लिहिलेला. जसा आहे तसा उतरवतो:

‘आतो सिसायना मी सांगितलं की बघायचं माझ्याकडून राहिलं. तुमच्या पेटीबद्दल मी काही बोलले नाही. पण तू एक कर. साक्षीदार नुसता “मी ठीक आहे” म्हणाला तर आम्ही सोडत नाही, विचारतो, तू तिथे शेवटचा कधी होतास. तुझ्या कॅटलॉगला तेवढं विचार.’

म्हणजे चूक तिचीच होती, तिने स्वतः कबूल केलं. मग काल माझ्याशी तसं का बोलली? आणि वर मला माझं काम शिकवते. कॅटलॉगला साक्षीदार म्हणते. कायद्याची पदवी घेतली की माणसाला दगडाचीही उलटतपासणी घ्यावीशी वाटते.

हिदार २८

विचारलं. फक्त तिचं तोंड बंद व्हावं म्हणून.

कॅटलॉगबद्दल मशीनला जे जे माहीत आहे ते सगळं मागवलं आणि कागदावर छापून घेतलं. नाव. जागा. अवस्था निवांत. आत किती निकाल. शेवटचा कधी भरला. मी पहिल्या आकड्यावरच अडकलो, कारण कॅटलॉगमधले निकाल टेबलातल्या निकालांपेक्षा कमी होते, थोडेथोडके नाही. तेवढ्यात गाशे मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागद ओढला.

“शेवटचा भरला, बारा तारीख, अकरावा महिना,” त्यांनी वाचलं. “अकरावा म्हणजे गेल्या वर्षीचा हामले.”

“गाशे, ते—”

“हामलेमध्ये हे मशीन माझ्याकडे नव्हतं. मी ते मेस्केरेममध्ये घेतलं, नवीन वर्षाला, नवं कोरं म्हणून. म्हणजे दुसऱ्याचं वापरलेलं मला विकलं.” चेहरा लाल. “त्या चोराला मी न्यायालयात खेचतो.”

कागद घेऊन तडक मेर्कातोच्या बाजारात, त्या दुकानात निघून गेले. चाळीस वर्षं निकाल दिलेत, थांबायची सवय नाही. दोन तासांनी परत आले. दुकानदाराने त्यांना कॉफी पाजून समजावलं होतं की मशीनचे महिने फिरंगी असतात. त्या दुकानदाराला म्हणे बराच वेळ हसू आवरत नव्हतं. आल्यावर गाशेंनी तो राग माझ्यावर काढला. तारीख फिरंगी आहे हे तू मला सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, तुम्ही वाक्य पुरं करू दिलंत का? ते म्हणाले, पुरं करणं तुला कधीपासून जमायला लागलं?

मी कागद घेतला आणि जाऊन खिडकीत बसलो. फिरंगी अकराव्याची बारा तारीख. आपला हिदार तीन.

हिदार तीन.

मेकलितने निलगिरी टाकली तो दिवस. मी हाताने भरलं तो दिवस. त्यानंतर कॅटलॉगमध्ये एक शब्द गेलेला नाही. म्हणजे मी एकटाच त्या दिवसाला चिकटून बसलेलो नव्हतो.

पण का? मी सातला लावलं होतं. सात रोज होतात. कुणीतरी बंद केलंय. अबाबा तेस्सेमा केव्हाही मुख्य बटण पाडतात, खालच्या शिंप्याकडे एकदा वायर जळाली तेव्हापासून घाबरतात. तेच असणार. सोमवारी सकाळी दारात उभा राहून त्यांना रंगेहाथ पकडतो.

हिदार ३०

सकाळी ऑफिस उघडण्याच्या खूप आधी पोचलो. धुकं, गार वारा, चर्चच्या कर्ण्यावरची प्रार्थना. अबाबा तेस्सेमा फाटकाशी घोंगडी पांघरून बसले होते. वर खिडक्या काळ्या.

“वर दिवे का नाहीत?”

“कुणाला लावू, उंदरांना?”

“मुख्य बटण कुणी बंद केलं?”

“मी. रोज संध्याकाळी मीच करतो. गाशे अस्रातनीच सांगितलंय. सकाळी अडीचला उघडताना चालू करतो.”

“आणि दुपारी? जेवणाच्या वेळी पाडता की नाही, खरं सांगा.”

“जेवणाच्या वेळी मी जेवतो,” ते म्हणाले. “तुला काय झालंय? उपास आहे म्हणून माणसाने माणसाला खायचं नसतं. घरी जा. आत्ता एक वाजलाय.”

मी त्यांना काहीतरी लागेल असं बोलणार होतो. फोन काढला, एक वाजलाय की नाही ते बघायला, कारण मला त्यांच्या एकावरही विश्वास नव्हता. फोनचं घड्याळ फिरंगी आहे. त्यात सात वाजले होते.

सात.

वर मशीन अंधारात मेलेलं, आणि फिरंगी सात वाजलेले. गाशे म्हणाले होते सातला, जेवायच्या वेळी. आपले सात म्हणजे त्या घड्याळातला एक. मी मशीनला सात सांगितले आणि मशीनने आपल्या घड्याळाचे सात धरले. रोज सकाळी, सूर्य वर येताना, बंद मशीनमध्ये कॅटलॉगची जेवायची वेळ होत होती आणि निघून जात होती. अडीचला मशीन जागं व्हायचं, कॅटलॉगची कुणाला आठवण नसायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, निवांत.

हा फरक माझ्या रक्तात आहे म्हणे. एका बोटाचं काम म्हणे. मी त्या वेळी खिडकीकडे धावत होतो.

अबाबांनी विचारलं, “बसतोस का? रंग उडालाय तुझा.” मी त्यांच्याजवळ घोंगडीच्या टोकावर बसलो.

अडीचला वर आलो. वेळ दुरुस्त केली आणि कॅटलॉग हाताने भरायला लावला, पहिल्यापासून, सगळाच. निकाल खूप आहेत, वेळ लागतो. म्हणून आज ही वही ऑफिसातच उघडली आहे.

कॅटलॉगला विचारलं. अवस्था: भरणं चालू.

गाशे आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. एकदाही मध्ये बोलले नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली.

“हे कुणाला माहीत आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“मग झालं तर. त्या मुलीने आपल्यावर घेतलंच आहे. सिसाय काही विचारायला येणार नाही. उद्यापासून पेटी नीट चालेल. आपण कशाला उकरायचं?”

“तिची नोकरी जाईल, गाशे.”

“आणि सिसायने पेटी वापरणं सोडलं तर? तो एक गेला की बाकीचे वकील मेंढरांसारखे जातील. मग या टायपिस्ट मुलींना कोण ठेवेल? तुला कोण ठेवेल? तिने पेटीबद्दल मुद्दाम काही सांगितलं नाही, एवढं तरी समजून घे. ती हुशार आहे.”

मुद्दाम. मी तो निरोप फोनवर परत काढून वाचला. ‘तुमच्या पेटीबद्दल मी काही बोलले नाही.’ तीन दिवस मी हे वाक्य कबुलीजबाब म्हणून वाचत होतो. तिने मला वाचवलं होतं, आणि मी त्यावर तिला नावं ठेवली, याच वहीत, दोन पानं मागे. ते पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

अवस्था: भरणं चालू. आकडा चढतोय.

टायपिस्ट मुली जेवायला गेल्या. सात वाजले. आपले.

गाशे आपल्या टेबलाशी बसून शिरो खातायत आणि माझ्याकडे बघत नाहीत. त्यांनी मलाही ताट मागवलं होतं. मी हात लावलेला नाही.

अवस्था: निवांत. या वेळी विश्वास ठेवला नाही, दोन्ही आकडे मागवले. कॅटलॉगमध्ये जितके, टेबलात तितकेच. शेवटचा भरला: आज.

पेटीत म्हातारीचं प्रकरण टाकलं. जुने दोन आले. पुतण्याच्या वकिलाचा आला. आणि त्याच्या खाली आणखी एक, गेल्या आठवड्यातला, त्याच न्यायाधीशांचा. तीनदा वाचला. मला वाटतं त्यात त्यांनी आधीचा निकाल कुठल्या घरांना लागू नाही ते सांगितलंय, आणि म्हातारीचं घर तसलंच आहे. पण मी वकील नाही. मला वाटून काय उपयोग, तिने वाचायला हवा, आणि तारीख उद्या आहे.

दोन कागद छापले. एक तो निकाल. दुसरा कॅटलॉगची माहिती, शनिवारची, ज्यात हिदार तीन आहे. त्याच्या मागे मी लिहिलं की वेळ मी लावली होती आणि चुकीची लावली होती. आतो सिसायच्या हातात दोन्ही देणार.

गाशेंना सांगितलं.

त्यांनी बोटं चाटली, हात पुसले. “आज या दारातून गेलास तर परत येऊ नकोस. कॉलेजातून असाच आलास ना? भांडून, दार आपटून. तुला एवढंच येतं, एर्मियास. निघून जाणं.”

हे मला इतकं लागलं की उत्तर तयार होतं. या वेळी रात्रीपर्यंत थांबायची गरज नव्हती. पण मी ते बोललो नाही, कारण गाशे म्हणाले ते खोटं नव्हतं.

म्हटलं, “गाशे, वेळ दुरुस्त केली आहे. मशीनच्या घड्याळात एक लिहिलाय, म्हणजे आपले सात. तरी रोज एकदा विचारत जा, शेवटचा कधी भरला. नुसतं निवांत म्हणालं तर सोडू नका.”

मेकलितला मी निरोप पाठवला: ‘येतोय. साक्षीदाराने तोंड उघडलं.’ तिचं उत्तर लगेच आलं, एकच शब्द: ‘जेवलास?’

नाही, मेकलित. अजून नाही.

वही पिशवीत टाकतो. गाशे माझ्या हाताकडे बघतायत, दार किती जोरात आपटतो ते बघायला. मी बाहेर पाऊल टाकणार, कडी दोन बोटांत धरणार आणि दार हळू ओढून घेणार.